हमीदा बानूची तालीम



ज्या वस्तादांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना स्वतःला भाषणांचा कंटाळा होता. बोलण्यात दम घालवण्यापेक्षा दोन बैठका जास्त माराव्यात, असं त्यांचं मत. तेव्हा प्रस्तावना आटोपती घेतो. मला आज १९५४ या एका वर्षाबद्दल आणि दोन बाई पैलवानांबद्दल बोलायचं आहे. एक आपल्याकडची हमीदा बानू, दुसरी जपानची चिगुसा नागायो. दोघींची गाठ कधी पडली नाही आणि पडण्यासारखीही नव्हती. नागायोचा जन्मच १९६४ सालचा. तरी एकीची गोष्ट दुसरीशिवाय नीट कळत नाही, असं मला अलीकडे वाटायला लागलंय.

सोलापूरकरांना जपान म्हटलं की डॉक्टर कोटणीस आठवतात. १९३८ साली जपानशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला गेले आणि १९४२ साली तिकडेच वारले. म्हणजे आपली जपानशी ओळख समोरच्या छावणीतून झालेली. आज जरा दुसऱ्या दाराने आत जाऊ.

१९५४ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये टेलिव्हिजनला जेमतेम वर्ष झालं होतं. घरात टीव्ही घेणं कुणाला परवडणार? चौकात लावलेल्या संचांसमोर ही गर्दी, आणि पडद्यावर रिकिदोझान नावाचा त्यांचा पैलवान कॅनडाच्या शार्प बंधूंना बडवतोय. युद्ध हरून नऊ वर्षंही झाली नव्हती. गोरा माणूस पाठीवर पडलेला बघायला मिळतोय, एवढ्यानेच लोक वेडे झाले. रिकिदोझान मुळात कोरियाचा, हे त्या गर्दीला ठाऊक नव्हतं, ते सोडा. त्याच वर्षी नोव्हेंबरात मिल्ड्रेड बर्क ही अमेरिकन बाई आपल्या जोडीच्या बायका घेऊन जपानला आली, आणि बायकांच्या कुस्तीलाही लोक तिकीट काढून येतात हे तिथल्या ठेकेदारांना कळलं.

आणि आपल्याकडे? त्याच फेब्रुवारीत हमीदा बानूने जाहीर केलं, की जो पुरुष मला चीत करेल त्याच्याशी मी लग्न करीन.

हमीदा मूळची मिर्झापूरची. तिथल्या पैलवानांनी तिला शिकवायचं नाकारलं, म्हणून ती अलीगढला सलाम पहिलवानाच्या हाताखाली गेली. उंची पाच फूट तीन इंच, वजन १०८ किलो. वर्तमानपत्रांनी तिच्या खुराकाची यादी छापली होती: दिवसाला साडेपाच लिटर दूध, पावणेतीन लिटर सूप, पावणेदोन लिटर फळांचा रस, एक कोंबडी, किलोभर मटण, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, बदाम, पावाचे दोन मोठे लोफ आणि वर बिर्याणीच्या दोन थाळ्या. तालमीतले खुराक पाहिलेल्या माणसाला यातलं दूध पटेल. बाकीच्याला थोडी हलगीची साथ मिळाली असावी, असा माझा संशय आहे. ती किती खाते, किती झोपते, सहा तास मेहनत करते, हे सगळं बारकाईने लिहिलंय. पण ती पट काढायची की ढाक लावायची, खाली घेतल्यावर सवारी कशी भरायची, हे त्या बातम्यांत शोधून सापडायचं नाही. पुरुष पैलवानाची कुस्ती लिहायची आणि बाई पैलवानाचा खुराक लिहायचा, अशी ती रीत होती.

लग्नाची घोषणा तिच्या डोक्यातून आली की ठेकेदाराच्या, देव जाणे. वास मात्र तिकीटबारीचा येतो. त्या घोषणेनंतर पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक, असे दोन पैलवान तिने पाडले. मग मे महिन्यात बडोदा. तिथे आधी ठरला होता छोटा गामा, बडोद्याच्या महाराजांचा आश्रय असलेला. त्याने ऐनवेळी माघार घेतली. मग बाबा पहिलवान उभा राहिला आणि एक मिनिट चौतीस सेकंदांत आडवा झाला. ३ तारखेची कुस्ती, की ४ तारखेची बातमी, या तपशिलात शिरत नाही. गूगलने ४ मे २०२४ रोजी आपल्या पहिल्या पानावर तिचं चित्र लावलं, ते याच कुस्तीच्या आठवणीसाठी. त्या दिवशी अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. आपल्या कुस्तीच्या मुलखातल्याही अनेकांनी, हे जास्त लागलं.

कारण ती आपल्या मुलखात येऊन गेली होती. मुंबईत १९४४ साली गुंगा पहिलवानाबरोबर तिची कुस्ती ठरली तेव्हा वीस हजार माणूस जमलं होतं. गुंग्याने जास्त पैसे आणि तयारीला जास्त वेळ मागितला, कुस्ती रद्द झाली आणि चिडलेल्या लोकांनी स्टेडियममध्ये मोडतोड केली. पुढे कोल्हापुरात तिची कुस्ती लागली शोभासिंग पंजाबीशी. खासबागचं मैदान बांधणाऱ्या शाहू महाराजांचं कोल्हापूर, जिथल्या पोराला डावाचं नाव पाळण्यात कळतं. तिने शोभासिंगला हरवलं. आणि लोकांनी काय केलं? हुर्यो उडवली, दगड मारले. पोलीस बोलवावे लागले. कुस्ती नुरा आहे, आधी ठरवून पाडलीय, असा ओरडा झाला. पुण्यात रामचंद्र साळुंखेशी तिची कुस्ती जाहीर झाली होती; तिथल्या कुस्ती संघटनेने विरोध केला आणि ती रद्द करावी लागली.

मुंबई राज्यात तिच्या कुस्त्यांना बंदी आली तेव्हा ती थेट मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे तक्रार घेऊन गेली. मोरारजींचं उत्तर नमुनेदार आहे. तुम्ही बाई आहात म्हणून बंदी नाही, ठेकेदार तुमच्यासमोर पडायला नकली माणसं उभी करतात अशा तक्रारी आहेत म्हणून बंदी आहे.

इथे जरा थांबतो, कारण आजच्या व्याख्यानाची खरी गाठ इथे आहे.

मी कोल्हापूरच्या गर्दीला सरसकट दोष देणार नाही. पैसे मोजून आलेल्या माणसाला निकाली कुस्ती हवी असते. ठेकेदार पडायला माणूस आणत असतील हेही अशक्य नाही. १९५४ पर्यंत ३२० कुस्त्या जिंकल्याचा तिचा दावाच मला जाहिरातीतला वाटतो. इतका हिशेब कुठला पैलवान ठेवतो? तेव्हा तिच्या सगळ्या कुस्त्या खऱ्या होत्या, असं सिद्ध करायच्या भानगडीत मी पडत नाही.

पण त्याच काळात मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये काय चाललं होतं? फ्रीस्टाइल. दारासिंग आणि किंगकाँग. किंगकाँग हा हंगेरीतून आलेला अगडबंब गडी, आणि दारासिंग त्याला खांद्यावर घेऊन गरागरा फिरवतोय. या कुस्त्यांत काय खरं आणि काय ठरवलेलं, हे त्या प्रेक्षकाला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं आणि तरी तो टाळ्या वाजवत होता. दारासिंगवर कुणी दगड मारले नाहीत. १९५५ साली हीच मंडळी जपानला जाऊन रिकिदोझानशी खेळून आली. पुढे दारासिंग सिनेमात गेला, रामायण मालिकेत हनुमान झाला, राज्यसभेत बसला. मला त्याच्याबद्दल आदरच आहे, गैरसमज नको. एवढंच म्हणतो, की नुरा कुस्तीचा संशय दोघांवर होता. पुरुषाच्या बाबतीत तो करमणुकीचा भाग ठरला आणि बाईच्या बाबतीत बंदीचं कारण झाला. पुरुषाला पाडणारी बाई खरी असूच शकत नाही, हे आधी ठरलेलं होतं. नकली माणसांच्या तक्रारी नंतर आल्या.

आता जपानकडे वळतो. जपान बायकांच्या बाबतीत उदार आहे, अशी कुणाची समजूत असेल तर ती काढून टाका. व्यावसायिक सुमोच्या रिंगणात, त्या पवित्र मातीवर, आजही बाईला पाय ठेवता येत नाही. एप्रिल २०१८ मध्ये क्योतो प्रांतातल्या माइझुरू गावी सुमोचा कार्यक्रम चालू असताना महापौर भाषण करता करता रिंगणातच कोसळले. प्रेक्षकांतल्या बायका धावल्या, त्यांतली एक परिचारिका होती, तिने छातीवर दाब द्यायला सुरुवात केली. आणि ध्वनिक्षेपकावरून सूचना आली, की बायकांनी रिंगणाबाहेर जावं. नंतर सुमो संघटनेच्या प्रमुखांना माफी मागावी लागली. आपल्याकडच्या तालमीतल्या मातीचे आणि मारुतीच्या सोवळ्याचे नियम ज्यांना माहीत आहेत, त्यांना हे परकं वाटू नये.

म्हणून जपानी बायका मातीत गेल्या नाहीत, दोरखंडाच्या रिंगणात गेल्या. मिल्ड्रेड बर्क येऊन गेल्यावर छोट्या छोट्या मंडळ्या निघाल्या आणि बुडाल्या. १९६८ साली मात्सुनागा भावांनी ‘ऑल जपान विमेन्स’ ही कंपनी काढली, ती मात्र टिकली. ही कुस्ती निकाल ठरवून खेळली जाते, हे तिथे गुपित नाही. निकाल ठरलेला असतो. पाठीवर आपटणं, मान मोडायची भीती आणि रोजची मेहनत ठरवून खोटी करता येत नाही. सत्तरच्या दशकात ‘ब्यूटी पेअर’ नावाची जोडी कुस्तीही खेळायची आणि रिंगणात गाणीही म्हणायची, त्यांच्या तबकड्या खपायच्या. आणि बघायला कोण यायचं? शाळकरी मुली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हमीदाला बघायला आलेले पुरुष होते आणि ती हरावी म्हणूनच त्यातले बरेच आले असणार. नागायोला बघायला आलेल्या मुलींना ती जिंकायला हवी होती.

चिगुसा नागायो १९८० साली त्या कंपनीत आली, नागासाकीकडची पोर. लायनेस आसुका या मैत्रिणीबरोबर तिची ‘क्रश गॅल्स’ ही जोडी जमली आणि टीव्हीमुळे घराघरात पोहोचली. समोर खलनायिका होती डंप मात्सुमोतो: तोंडाला रंग, हातात साखळी आणि बांबूची तलवार. २८ ऑगस्ट १९८५ रोजी ओसाकाच्या मोठ्या सभागृहात दोघींची लढत झाली. अट अशी, की हरेल तिचं भर रिंगणात मुंडण. नागायो रक्तबंबाळ झाली आणि हरली. तिला धरून बसवलं आणि मशीनने तिचे केस उतरवले. सभागृहभर मुली हंबरडा फोडून रडताहेत, आणि ते चित्रण आजही बघवत नाही. आपल्या समाजात बाईचं मुंडण म्हणजे काय, हे पंढरपूरच्या वाटेवरच्या या शहराला मी सांगायला नको. आपल्याकडे ज्या विधवेचे केस उतरवले, ती माजघराच्या कोपऱ्यात गेली. नागायो त्याच सभागृहात ७ नोव्हेंबर १९८६ रोजी परत आली, त्याच अटीवर खेळली, जिंकली, आणि या खेपेला मुंडण झालं डंप मात्सुमोतोचं. कुणी म्हणेल, हे सगळं रचलेलं होतं. होतंच. पण रचताना बाईला परत येऊन जिंकायची जागा ठेवली होती.

त्या कंपनीची काळी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ही भक्ती होईल. मुलींना दारू, तंबाखू आणि पुरुष, तिन्ही वर्ज्य. सव्विसाव्या वर्षाच्या आत निवृत्ती घ्यायची अलिखित सक्ती. नव्या मुलींचा जुन्यांकडून छळ व्हायचा आणि कंपनी त्याकडे काणाडोळा करायची. पैसा मुलींच्या अंगावर उभा राहिला आणि गेला मालकांच्या खिशात. अखेर २००५ साली कंपनी बंद पडली. अगदी अलीकडे, मे २०२० मध्ये, हाना किमुरा ही बावीस वर्षांची पैलवान एका टीव्ही कार्यक्रमावरून समाजमाध्यमांवर झालेल्या शिवीगाळीनंतर आत्महत्या करून गेली. प्रेक्षक मुली असल्या तरी गर्दी ही गर्दीच.

नागायोला १९८९ साली, पंचविसाव्या वर्षाच्या आतच, थांबावं लागलं. ती चार वर्षांनी परत आली आणि पुढे तिने स्वतःची संस्था काढली, ‘गाइआ जपान’. पहिल्याच कार्यक्रमात तिची पंधरा वर्षांची चेली मैदानात उतरली: मेइको सातोमुरा. ही सातोमुरा पुढे सेंदाई शहरात मुलींची संस्था चालवू लागली, परदेशात जाऊन अजिंक्यपदं घेऊन आली, आणि २९ एप्रिल २०२५ रोजी स्वतःच्या चेल्या मागे ठेवून निवृत्त झाली. बर्ककडून मात्सुनागांची कंपनी, कंपनीतून नागायो, नागायोकडून सातोमुरा, सातोमुराकडून आजच्या पोरी. तालमीच्या भिंतीवर वस्तादांच्या तसबिरी जशा ओळीने लावतात, तशी ही ओळ लावता येते. आणि कंपनीच्या पुढची ओळ चालवणाऱ्या दोघी, म्हणजे नागायो आणि सातोमुरा, बायका आहेत.

हमीदाचं काय झालं? १९५४ साली मुंबईत तिने रशियाची म्हणून जाहीर झालेली व्हेरा चिस्टिलिन मिनिटाच्या आत पाडली आणि युरोपात जाऊन खेळायचा मनसुबा जाहीर केला. ती गेली नाही. तिच्या नातवाने पत्रकारांना सांगितलंय, की सलाम पहिलवानाला तिचं परदेशी जाणं पसंत नव्हतं आणि त्याने तिला काठीने मारून तिचे हात मोडले. शेजारपाजारचे लोक सांगतात की पायही जायबंदी झाले, आणि पुढे कित्येक वर्षं तिला काठीशिवाय नीट चालता येत नव्हतं. जिने पुरुषांना दीड मिनिटात पाडलं ती घरातल्या पुरुषाकडून मोडली गेली. तिचा वस्तादही तोच, ठरवाठरव करणाराही तोच, पैसे हातात घेणाराही तोच. सलाम अलीगढला परत गेला आणि ती कल्याणला राहिली. दुधाचा धंदा केला, खोल्या भाड्याने दिल्या, हात आखडला तेव्हा घरी केलेलं खाणं रस्त्यावर बसून विकलं. १९८६ साली ती वारली.

कल्याणमध्ये ती तीसेक वर्षं राहिली. त्या काळात आपल्या राज्यात कुस्ती काही झोपली नव्हती. १९५२ साली हेलसिंकीत कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक आणलं होतं, १९६१ पासून महाराष्ट्र केसरी सुरू झाली होती, खेड्याखेड्यात तालमी उभ्या राहत होत्या. एवढ्या जवळ एवढी मोठी पैलवान दूध घालतेय आणि तिच्याकडे एखादी पोर शिकायला पाठवावी, असं कुणालाही सुचलं नाही. सुचणार कसं? मुलींची तालीमच नव्हती. बंदीने तिच्या कुस्त्या गेल्या, ते एक नुकसान. तिची वस्तादकी झालीच नाही, ते माझ्या मते त्याहून मोठं.

म्हणून आजच्या पोरी हमीदा बानूच्या वारस आहेत, असं भाषणात म्हणायला छान वाटतं, पण ते खरं नाही. मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून चांदीची गदा घेतली. पुरुषांच्या स्पर्धेनंतर बासष्ट वर्षांनी. वैष्णवी कल्याणची, पण ती हमीदाची ओळ नव्हे, निव्वळ योगायोग. या पोरींची वाट वेगळी आहे. २००४ साली अथेन्सला बायकांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली, शासनाने मॅट दिल्या, स्पर्धा सुरू झाल्या, २०१६ मध्ये साक्षी मलिकने रिओत पदक आणलं, ‘दंगल’ सिनेमा आला, आणि ज्या बापांना मुलगा पैलवान करायचा होता त्यांनी मुलीला मॅटवर उतरवलं. मुरगूडसारख्या गावातून मुली देशासाठी खेळायला लागल्या. ही वाट माझ्या मते हमीदाच्या वाटेपेक्षा चांगली आहे, कारण इथे मुलगी मुलीशी खेळते, वजनगट असतो, गुण मोजले जातात, आणि नुरा म्हणायची सोय राहत नाही.

पण सलाम पहिलवानाची जागा अजून तिथेच आहे. मुलीचा शिक्षक पुरुष, निवडणारा पुरुष, संघटनेचा पदाधिकारी पुरुष. २०२३ साली राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करत देशाच्या पदकविजेत्या मुली दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या, तेव्हा सगळ्यांना धक्का बसला. मला बसला नाही. जिचं खेळणं, जाणं-येणं आणि पैसा एकाच माणसाच्या हातात असतो तिची तक्रार ऐकणार कोण, हा प्रश्न कल्याणमध्ये हमीदाच्या वेळीच पडलेला होता.

आता आपल्या जिल्ह्याचं. करमाळ्याचा बालारफिक शेख, मोहोळचा सिकंदर शेख, माढ्याकडचा वेताळ शेळके: गेल्या सात-आठ वर्षांत महाराष्ट्र केसरीची गदा किती वेळा सोलापूर जिल्ह्यात आली बघा. पैलवानकीचं आपल्याला कमी नाही. यात्रेतल्या मैदानात मात्र मुलींची कुस्ती कुठे लागते? दुपारी, रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या उरकल्या की. ऊन डोक्यावर, कमिटीची माणसं अजून जेवणं उरकतायत, हलगीवाल्याने नुकती हलगी शेकायला घेतलीय. दोन पोरी मैदानात येतात, अंगात घट्ट ड्रेस, त्यावर शाळेचा टी-शर्ट, कारण चारी बाजूंनी माणसं बघतायत. मागे एखादी आई पदर तोंडाशी धरून उभी. पोरगी पट काढते, समोरची ब्रिज करून सुटते, पंच शिट्टी मारतो. पाच मिनिटांत संपतं. ध्वनिक्षेपकावरून जाहीर होतं: अमुक गावची लेक जिंकली, टाळ्या. नंतरच्या पोरांच्या कुस्तीला मात्र पोराचं नाव, तालीम, वस्ताद, वस्तादाचा वस्ताद, सगळं.

या शहरात आणि जिल्ह्यात यात्रा कमिट्या चालवणारी बरीच मंडळी समोर बसलेली दिसतायत, म्हणून दोन मागण्या करून खाली बसतो. एक, पुढच्या यात्रेच्या पत्रकावर मुलींच्या कुस्तीचा इनाम आकड्यात छापा आणि ती कुस्ती शेवटच्या पाचांत लावा, म्हणजे लोक बसलेले असताना. दुसरी, जिल्ह्यात खेळून थांबलेल्या मुली आहेत, लग्न होऊन गेलेल्या, नोकरीला लागलेल्या. त्यांतल्या एखादीला तालमीत मानधनावर शिकवायला बोलवा आणि पत्रकावर मुलीच्या नावापुढे वस्ताद म्हणून तिचं नाव घाला. वस्ताद हा शब्द बाईला चालतो का, यावर वाद होईल. तो वाद मैदानातच होऊ द्या, हलगी चालू असताना.